कस्तीचा प्रवेश

एकांकिकेतला म्हातारा पारशी आहे. पाडायला काढलेल्या इमारतीत एकटाच उरलाय. बिल्डरचा माणूस सह्या घ्यायला येतो, तेव्हा म्हातारा हात-तोंड धुऊन खिडकीपाशी उभा राहून कमरेची कस्ती बांधत असतो. हात थरथरतात, गाठ बसत नाही, आणि आलेला पोरगा सही विसरून बघत राहतो. संहितेत हे पाच ओळींत उरकलंय. आमच्या दिग्दर्शकाला त्याची चार मिनिटं करायची होती, तीही मागे खऱ्या प्रार्थनेचं ध्वनिमुद्रण लावून.

त्यासाठी सदरो आणि कस्ती हवी, म्हणून तो आत्याकडे गेला. प्रकाशयोजना माझी असल्यामुळे मीही गेले. आत्या त्याची सख्खी, पण आयुष्यभर नाटकांचा कपडेपट सांभाळल्यामुळे निम्म्या दादरची आत्या झालेली. सदरो शिवायचं बघू म्हणाली, कस्ती मात्र मिळणार नाही म्हणाली. तिथून जे सुरू झालं ते इथे उतरवलंय. बोलणं थोडं सावरलंय, शिव्या गाळल्यात.

दिग्दर्शक : आत्या, तू विठोबा नेसवलास, राम नेसवलास, पेशव्यांच्या डोक्यावर पगड्या चढवल्यास, औरंगजेबाच्या हातात जपमाळ दिलीस. तेव्हा नाही अडलं तुझं.

आत्या : ती माळ चोरबाजारातली होती. औरंगजेबाची नव्हती.

दिग्दर्शक : मग कस्तीही तशीच. लोकरीची दोरी. तूच वळून दे.

आत्या : दोरी आत्ता देते. पण तुला दोरी नकोय रे, तुला कस्तीच हवीय. तुझा नट खरी प्रार्थना लावून, खऱ्या क्रमानं, खऱ्या गाठी मारणार. मग खोटं काय उरलं त्यात? फक्त तुझा नट.

दिग्दर्शक : नाटक म्हणजे तेच की. खोट्या माणसानं खरं करून दाखवायचं.

आत्या : आणि तिसऱ्या घंटेआधी नारळ फोडतोस, तेही तू खोटंच फोडतोस का? तालमीला कुणी चपला घालून रंगमंचावर चढला तर अंगावर जातोस त्याच्या. उद्या कुणी येऊन तुझ्या नारळाचं शूटिंग केलं, वर विनोदी संगीत टाकलं, तर चालेल?

दिग्दर्शक : ती परंपरा आहे. श्रद्धा नाही.

(हे वाक्य तो दर वर्षी म्हणतो. नारळ न फोडता पडदा उघडलेला मी एकदाही पाहिला नाही.)

आत्याला या कपड्यांची माहिती पुस्तकातून झालेली नाही. लग्नाआधी ती दादर पारसी कॉलनीच्या कडेला राहायची, आणि शेजारच्या पारशी बाई सदरे शिवून द्यायच्या. त्यांच्या हाताखाली ती कापायला शिकली. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सदरो म्हणजे पांढऱ्या मलमलीची सैल बंडी, थेट अंगाला लागून घालायची. तिच्यावर कमरेला कस्ती. पांढऱ्या लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली, आतून पोकळ, चपटी दोरी. यस्न या प्रार्थनाग्रंथाचे अध्याय ७२, म्हणून धागे ७२. पूर्वापार ती मोबेदांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या घरच्या बायका लहान मागावर विणत आल्या. नवसारी त्यासाठी नावाजलेली. विणून झाली की लांब सुईनं सगळी उलटी करतात, आतली बाजू बाहेर. दोन्ही टोकांना तीन-तीन गोंडे. कमरेभोवती तीन वेढे, पुढे आणि मागे गाठी. नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, साधारण सातव्या वर्षापासून वयात येण्याआधी होते. मुलाची होते तशीच मुलीचीही. त्या दिवशी मोबेद मुलाच्या मागे उभा राहून पहिल्यांदा कस्ती बांधतो, आणि डोक्यावरून तांदूळ, डाळिंबाचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे यांचा वर्षाव होतो. त्यानंतर ती रोज सोडायची आणि बांधायची. उठल्यावर, शौचाहून आल्यावर, जेवणाआधी, प्रार्थनेआधी. तोंड उजेडाकडे करून, सूर्य किंवा दिवा समोर ठेवून. प्रार्थनेत सैतानाचं नाव आलं की टोकं झटकायची.

म्हणजे आपल्याकडे ‘पारशांचं जानवं’ म्हणून जे खपवतात, ते तीन ठिकाणी चुकतं. ते खांद्यावर नसतं, दिवसातून कितीदा तरी सुटतं, आणि बाईच्या कमरेलाही असतं.

दिग्दर्शक : बघ, आत्ता तू हे सगळं सांगितलंस. किती जणांना माहीत असतं? मी तेच दाखवणार आहे. अज्ञान घालवणं हा अपमान कसा?

आत्या : अज्ञानाचं मी तुला सांगते. त्या बाईंचा खुबा मोडला तेव्हा एका इस्पितळात मी त्यांच्याबरोबर होते. ऑपरेशनचा झगा चढवायला आलेल्या पोरीनं कमरेला हात घातला आणि दुसरीला हाक मारली, अगं आजींच्या परकराची नाडी सुटत नाहीये, कात्री आण. बाई ओरडल्या म्हणून कापली नाही. सोडवली, आणि चपलांच्या पिशवीत टाकली. चपलांच्या, रे. पोरगी वाईट नव्हती. रात्रभर त्यांचे पाय चेपत बसली होती तीच.

दिग्दर्शक : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं! तिनं माझा प्रवेश पाहिला असता तर कात्री मागितली नसती.

इथे आत्या गप्प झाली. तिनं सुई ओवायला घेतली. मला विचाराल तर वादातला सगळ्यात जोरकस मुद्दा हाच होता, आणि त्याचं पुरतं उत्तर आत्यानं शेवटपर्यंत दिलं नाही. अंगावरच्या कपड्याचा अपमान बहुतेक वेळा द्वेषानं होत नाही, घाईनं होतो. विमानतळावर, क्ष-किरणाच्या खोलीत, शाळेच्या गणवेशाच्या रांगेत. तिथल्या माणसाला कुणीतरी आधी सांगितलेलं असणं हाच त्यावर उपाय. आणि सांगायचं तर दाखवावं लागतं.

आत्या : मान्य. दाखवायला हवं. पण कुणी?

दिग्दर्शक : ज्याला दाखवता येतं त्यानं. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचं ऐकलंयस? त्यांच्यातही असंच आहे. मंदिरात शपथा घेतलेली मोठी माणसं कपड्यांच्या आत रोज एक पांढरं वस्त्र घालतात, वरचं आणि खालचं असं दोन तुकड्यांचं. मिट रॉम्नी २०१२ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा त्यावरून काय टिंगल झाली! जादूची चड्डी म्हणून. आणि या लोकांनी काय केलं? २०१४ साली चर्चनं स्वतः चित्रफीत काढली. तो कपडा उलगडून कॅमेऱ्यासमोर ठेवला. सांगितलं, हा असा असतो, यात जादूबिदू काही नाही, आम्हाला तो पवित्र आहे, कृपा करून नीट बोला. ख्रिस्ती जोगिणींचा झगा, बौद्ध भिक्खूंचं काषाय वस्त्र, तसंच आमचं हे. संपलं. लपवल्यामुळे टिंगल झाली होती.

आत्या : हे छान केलं त्यांनी.

दिग्दर्शक : म्हणजे मी जिंकलो.

आत्या : कसला जिंकतोयस? उलगडून कुणी ठेवला? त्यांनी. कॅमेरा कुणाचा? त्यांचा. अंगावर घालून दाखवला का कुणी?

दिग्दर्शक : नाही. नुसता मांडून ठेवला होता.

आत्या : झालं तर. किती उघडायचं आणि कुठे थांबायचं ते त्यांनी ठरवलं. तुझ्या प्रवेशात ते तू ठरवणार, आणि तू थांबत नाहीस, मला माहीत आहेस.

दिग्दर्शक : पण त्याच मॉर्मनांवर ब्रॉडवेवर २०११ पासून एक धमाल संगीतिका चालू आहे, त्यांची यथेच्छ खिल्ली उडवणारी. चर्चनं बंदी मागितली का? उलट त्याच नाटकाच्या माहितीपत्रकात जाहिरात दिली, नाटक पाहिलंत ना, आता मूळ ग्रंथ वाचा अशा अर्थाची. याला म्हणतात पोटात जागा असणं. आणि पारशांच्या पोटात काय कमी जागा आहे? आदी मर्झबानांची नाटकं तूच पाहिलीस ना? स्वतःला एवढं हसणारा समाज दुसरा नाही म्हणतेस.

आत्या : स्वतःला हसणारा. स्वतःला, बाबा.

दिग्दर्शक : आलीस शेवटी तिथेच. ज्याचं त्यानंच बोलावं. मग ‘घाशीराम’चं काय करशील? पुण्यातल्या ब्राह्मणांची अख्खी भिंत नाचवली, १९७२ साली. केवढा गदारोळ झाला, संस्थेनं प्रयोग थांबवले, मुलांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली आणि पुन्हा केलं. तेव्हा कुणी म्हटलं असतं की दुसऱ्याच्या श्रद्धेला हात लावू नका, तर तू तिकीट काढलं असतंस का?

आत्या : काढलं होतंच. पण ते आपल्याच घरातलं भांडण होतं. तेंडुलकर काय परके होते?

दिग्दर्शक : तेंडुलकर नव्हते. जब्बार?

आत्याचा हात थांबला. मला हसू आलं, तिलाही. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन हे त्या नाटकाचं अर्धं बळ, आणि ‘घरचा’ या शब्दाच्या कुठल्याच मापात ते बसत नाहीत. घरच्यानंच बोलावं हा नियम लावला, तर मराठी रंगभूमीचा चांगला निम्मा भाग कापून टाकावा लागेल. सुधारकांचाही. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात, १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांसाठी वैदिक मंत्र म्हणायचे की पौराणिक, यावरून वाद पेटला. कुणाला कुठला मंत्र आणि कुणाच्या खांद्यावर जानवं, हे ठरवणारे ठरवत होते, आणि बाहेर ठेवलेल्यांनीच त्यांना जाब विचारला. आत ठेवलेलेच बोलणार असते तर अजून ऐकतच बसलो असतो.

आत्या : बरं. घरचा-बाहेरचा सोडून दे. चुकलंच ते. मग मला सांग, घाशीराम कुणावर होतं?

दिग्दर्शक : सत्तेवर. नानावर. आणि त्याच्या आड सोवळं सांभाळत मजा मारणाऱ्यांवर.

आत्या : आणि शाहू महाराज भांडले ते?

दिग्दर्शक : पुन्हा तेच. सत्ता.

आत्या : तुझा म्हातारा कुणावर सत्ता गाजवतो? खोलीत एकटा आहे. त्याची जागाही जाणार आहे. भारतात सगळे मिळून किती पारशी उरलेत?

दिग्दर्शक : २०११ च्या जनगणनेत ५७,२६४.

आत्या : एका प्रभागाएवढे. नानाला उघडा केलास तर मी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवीन. या म्हाताऱ्याला कशासाठी करतोस?

दिग्दर्शक : उघडा कुठे करतोय? मला तो सुंदर वाटतो तसा. मी त्याच्या बाजूचा आहे!

आत्या : अरे, सदरो हा आतला कपडा. तू त्याला बंडी आणि लेंग्यावर चार मिनिटं उभा करणार. तालमीत काय झालं ते सांग ना.

त्यानं सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तालमीत पोरं हसली. नटाचे बारीक पाय, ढगळ लेंगा, बाहेर लोंबणारी टोकं. त्यात नट हुशार, हसू आल्यावर त्यानं ‘डिकरा’ घालून पाहिलं, आणि अजून हशा आला. मराठी-हिंदी रंगमंचावर पारशी आला की काय काय आपोआप येतं ते ठरलेलं आहे: डिकरा, साला, जुनी मोटार, विसराळूपणा, अंडं. पुलंनी ‘हंड्रेड परसेंट पेस्तनकाका’ लिहिले ते मायेनं, आणि त्यातल्या माणसाला वजन होतं. विजया मेहतांनी ‘पेस्तनजी’ चित्रपट केला, त्यात तर सगळा भरवसा न बोललेल्या गोष्टींवर. पण मागून येणाऱ्यांनी माया सोडली आणि डिकरा उचलला. आमच्या दिग्दर्शकाला हशा नको होता हे खरं. पण हशा कुणाला नको आहे यावर तो थांबत नसतो.

दिग्दर्शक : हसण्याचं मी बघीन. नट बदलीन. पण आत्या, तू एक गोष्ट लपवतेयस. इस्पितळात पुढे काय झालं ते मला बाबांनी सांगितलंय. पिशवीतून कस्ती काढून तू त्यांना द्यायला गेलीस, तर म्हणाल्या राहू दे, मुलगा येईल. तुझ्या हातची घेतली नाही.

आत्या : हो.

दिग्दर्शक : ज्या बाईला तू महिनाभर डबा नेलास तिनं. तुझा हात विटाळ! अग्यारीतही तुला घेत नाहीत. आणि माझ्याकडून तू आदर मागतेस?

आत्या : राग आला होता मला. खोटं कशाला सांगू? घरी येऊन यांना म्हटलं, उद्यापासून डबा बंद.

दिग्दर्शक : मग?

आत्या : मग काय. दुसऱ्या दिवशी मेथी आणलेली होती, करून नेली. अरे, माझ्या हातचं जेवत होत्या त्या. मिठी मारायच्या. कस्ती तेवढी नाही दिली. तुझे आजोबा माळकरी. त्यांची तुळशीची माळ तू लहानपणी ओढायचास, ते हसायचे. पण बाजारातून मटण घेऊन आलेला माणूस जवळ बसला की पैरणीचं वरचं बटण लावून घ्यायचे. त्याला कधी बोलले नाहीत. त्यानं कधी राग धरला नाही. त्याला वाटलं असेल थंडी वाजतेय.

दिग्दर्शक : गोड गोष्ट आहे. पण अशाच गोड गोष्टींच्या आड लोकांना बाहेर ठेवतात. त्यांच्यातल्याच बायकांचं काय? सुझान ब्रियेर, आर. डी. टाटांची फ्रेंच बायको, जेआरडींची आई. तिची रीतसर नवजोत झाली होती, सदरो-कस्ती चढवली होती, पारशी पद्धतीनं लग्न झालं. तरी १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात, दावर आणि बीमन या न्यायमूर्तींपुढे, अशी बाई पारशी समाजाच्या धर्मादाय संस्थांची हक्कदार ठरली नाही. बाप पारशी असला की मुलं चालतात, आई पारशी आणि बाप परका असला की नाहीत. अजून चालू आहे हे. वलसाडच्या एका बाईनं हिंदूशी लग्न केलं, तर म्हणे तुझा हक्क गेला. गुजरात हायकोर्टानं २०१२ साली तिच्या विरुद्ध निकाल दिला. आईवडिलांच्या अंत्यविधीला जाऊ द्यायला तिथला ट्रस्ट तयार झाला तो २०१७ साली, सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींपुढे. अंगावर कस्ती आहे, आणि दारातून आत नाही. याचा आदर करू?

आत्या : याचा नको करूस.

दिग्दर्शक : काय?

आत्या : त्यावर नाटक लिही ना! कस्ती बांधलेली बाई दाराबाहेर उभी आहे, आत बाप निजलाय. त्या प्रवेशात कस्ती लागेलच. कारण भांडणच तिच्यावरून आहे, आणि ती बाई स्वतः सांगतेय की बघा, हे माझ्या अंगावर आहे. ती दाखवतेय. मी शिवून देईन सगळं, जाऊन माणसं गाठीन, त्यांना विचारीन कसं करायचं. तो प्रवेश बघून चिडतील त्यांना चिडू दे. नियमाशी भांड. नियम काही कुणाच्या अंगाला लागून नसतो.

दिग्दर्शक : म्हणजे भांडण असेल तर कस्ती चालेल, आणि मी प्रेमानं दाखवली तर चालणार नाही? उलटंच आहे हे तुझं.

आत्या : आहे खरं उलटं.

त्यानं हे माझ्याकडे बघून विचारलं असतं तर माझ्याकडे थोडं सांगण्यासारखं होतं. प्रेमानं केलेली जवळीक जास्त आगाऊ असते, कारण ती परवानगी धरूनच चालते. विरोधकाला निदान आपण परका आहोत हे माहीत असतं. संजाणला पारशी उतरल्याची जी कथा ‘किस्सा-ए-संजान’ या काव्यात आहे, सोळाशेच्या सुमाराला नवसारीच्या एका धर्मगुरूनं फारसीत लिहिलेल्या, तिच्यात राजानं घातलेल्या अटी दिल्यात: इथली भाषा बोला, शस्त्रं ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा, बायकांनी इथला वेष घ्यावा. (दुधात साखर विरघळल्याची जी गोष्ट आपण सगळे सांगतो ती त्या काव्यात नाही.) ही कथा इतिहास किती आणि आठवण किती हा वाद बाजूला ठेवू. बाहेरचं त्यांनी सगळं दिलं. साडी घेतली, गुजराती घेतली, आणि नंतर चीनच्या व्यापारातून गारा साडी अशी केली की आज आपण ती त्यांचीच समजतो. दिलं नाही ते फक्त आतलं, जे रस्त्यावरून दिसत नाही. प्रेमानं बघणाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं.

पण मी बोलले नाही, कारण दिग्दर्शकानं पवित्रा बदलला होता.

दिग्दर्शक : ठीक आहे. विचारू या आपण. एखाद्या पारशी माणसाला दाखवू प्रवेश. तो हो म्हणाला तर?

आत्या : कुठल्या माणसाला? एक रोज पाच वेळा बांधणारा असेल, एक फक्त लग्नाकार्याला. एक म्हणेल वाहवा, एक म्हणेल निघा. तू हो म्हणणारा शोधशील.

दिग्दर्शक : मग विचारायचंही नाही?

आत्या : विचार ना. पण दोघांना विचार, आणि नाही म्हणणाऱ्याचं आधी ऐक. (माझ्याकडे वळून) आणि काय गं, हा उभा कुठे राहतो? खिडकीकडे तोंड करून ना?

खिडकी मागच्या भिंतीत होती. कस्ती उजेडाकडे तोंड करून बांधतात. म्हणजे नट खरा वागला तर त्याची प्रेक्षकांकडे पाठच असणार. चार मिनिटांच्या नादात दिग्दर्शकानं त्याला वळवून समोर केलं होतं, उजेडाकडे पाठ करून. एवढा अभ्यास करून हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि दिवे लावणारी मी असून माझ्याही नाही.

आत्या : पाठ राहू दे त्याची. कोपर हललेले दिसतील तेवढे दिसू देत. उजेड त्या पोरावर टाका, सही विसरणाऱ्यावर. तुमचा प्रवेश त्याचा आहे ना?

दिग्दर्शक : चार मिनिटं एका पोराच्या तोंडावर? झोपतील लोक.

आत्या : मग चाराची दीड कर. आणि ती प्रार्थना काढ. ती कुणाची तरी खरी म्हटलेली आहे. म्हणताना त्यानं तुझ्या नाटकासाठी म्हटली नाही.

दिग्दर्शक : खिडकीबाहेरचा रस्ता ऐकू येईल नुसता.

आत्या : येऊ दे की. इमारत पाडतायत ना? ठोकाठोकी ऐकू येऊ दे.

हे त्याला आवडलं, पण आवडलं असं म्हणाला नाही. तालमीत दोन्ही करून बघू म्हणाला. दिग्दर्शकांच्या भाषेत याचा अर्थ काहीही होऊ शकतो. मी मात्र वहीत मागच्या खिडकीचा दिवा खाली उतरवून टाकला.

उरला सदरो. आत्यानं रद्दी पेपर घेतला, मधोमध दुमडला, आणि कात्रीनं गळ्याचा तिरपा कट घेतला. दोन्ही बाजू खाली जिथे मिळतात त्या टोकाशी बोट ठेवलं. तिथे एक इवलासा चौकोनी खिसा असतो, जेमतेम बोटाचं पेर मावेल एवढा. त्याला गिरेबान म्हणतात. नाणंही राहणार नाही असा खिसा शिवायचा कशाला, असं नवख्याला वाटतं, आणि नवखे विचारतातही. तो सत्कर्मं साठवायचा. दिवसाअखेर त्यात काय पडलं ते ज्यानं त्यानं बघायचं. शिवायला सगळ्यात किचकट तोच, आत्या म्हणाली. मलमल निसटते आणि चौकोनाचे कोपरे गोल होतात. त्या बाईंनी तिचे कितीतरी उसवायला लावले होते.

आत्या : सदरो नाही शिवत मी. मलमलीची बंडी शिवते. तोच कट, तीच आखूड बाही, तीच लांबी. गिरेबान ठेवणार नाही.

दिग्दर्शक : पाठमोराच उभा राहणार असेल तर गिरेबान दिसतो कुणाला? लावलास काय, न लावलास काय.

आत्या : म्हणूनच नाही लावत.

दिग्दर्शक : आणि नमस्काराला तो समोर वळेल तेव्हा? पहिल्या रांगेत एखादा पारशी बसलेला असला तर त्याला वाटेल, या लोकांना साधा अभ्यास करता आला नाही. परीक्षकांतल्या कुणाला माहीत असेल तर वेशभूषेचे गुण जातील.

आत्या : जाऊ देत. बक्षिसाची ढाल ठेवायला माझ्या कपाटात जागा नाही. मलमल हिंदमाताला बघ, अडीच मीटर पुरे. आणि आणल्या आणल्या भिजवून वाळव, नाहीतर दुसऱ्या प्रयोगाला म्हाताऱ्याच्या बेंबीवर येईल ती बंडी, आणि मग हशा आवरायला मला बोलवू नकोस.